टीजीएन१४१२ चा पहिला डोस : तीन पद्धती, तीन उत्तरे आणि मॉडेलमध्ये उणे कॉन्सन्ट्रेशन

प्रयोगवही (प्रश्न)

नमस्कार मंडळी. ट्रान्सलेशनल मेडिसिन आणि सिस्टिम्स बायोलॉजीच्या एकत्र पेपरची केस-असाइनमेंट आहे. विषय टीजीएन१४१२, म्हणजे मार्च २००६ मध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आवारातल्या चाचणी केंद्रात सहा निरोगी स्वयंसेवकांना दिलेली आणि सहाही जणांत सायटोकाइनचा (दाह पेटवणाऱ्या प्रथिनांचा) पूर आणणारी ती सीडी२८ (टी पेशींवरचा रिसेप्टर) विरोधी अँटिबॉडी. दिलेली माहिती अशी : सायनोमोल्गस माकडात ५० मिग्रॅ/किलोपर्यंत दुष्परिणाम दिसला नाही. माणसाला प्रत्यक्षात दिलेला पहिला डोस ०.१ मिग्रॅ/किलो. केडी (निम्मे रिसेप्टर व्यापणारे मुक्त औषधाचे कॉन्सन्ट्रेशन) १.८८ नॅनोमोलर. रेणुभार १५० किलोडाल्टन. माणूस ७० किलोचा, प्लाझ्मा २.५ लिटर धरायचा.

तीन कामे करायची आहेत. (क) माकडाच्या डोसवरून माणसाचा सुरुवातीचा डोस काढणे. (ख) रिसेप्टर ऑक्युपन्सीवरून (किती टक्के रिसेप्टर औषधाने व्यापले त्यावरून) मेबल, म्हणजे परिणाम दिसू लागेल असा अपेक्षित किमान डोस, काढणे. (ग) टार्गेट-मेडिएटेड डिस्पोझिशनचे (औषध रिसेप्टरला बांधले जाऊन कमी होण्याचे) छोटे मॉडेल आर या संगणकभाषेत चालवून आलेख देणे.

(क) मध्ये माझे उत्तर १५४ मिग्रॅ/किलो येते, माकडाच्या डोसच्या तिप्पट, म्हणजे काहीतरी उलटे झाले आहे हे कळते. (ख) मध्ये १० टक्के ऑक्युपन्सीचा डोस ०.००११ मायक्रोग्रॅम/किलो येतो, पण वर्गात सगळ्यांचे उत्तर हजारपट मोठे आहे. (ग) मध्ये मुक्त औषधाचे कॉन्सन्ट्रेशन दुसऱ्या दिवसापासून उणे जाते, आणि रिसेप्टरची रेघ वर-खाली नाचते. सॉल्व्हर (समीकरणे पायरीपायरीने सोडवणारा प्रोग्रॅम) डीसॉल्व्ह पॅकेजमधला, बाकी सगळे डिफॉल्ट. कॉन्सन्ट्रेशन मोलरमध्ये, वेळ दिवसांत.

कुठे चुकते आहे ते सांगाल का? आणि तिन्ही उत्तरे नीट आली तरी ती एकमेकांशी जुळणार नाहीत असे दिसते. मग रिपोर्टमध्ये कोणते खरे म्हणून लिहायचे?

---

मिग्रॅ_पर_किलो (प्रतिसाद १)

(क) पुरते बोलतो.

तुम्ही केएम (वजन भागिले शरीराचे पृष्ठफळ) उलटा वापरला आहे. माणसाचा केएम ३७, माकडाचा १२. माणसाचा समतुल्य डोस म्हणजे प्राण्याचा डोस गुणिले प्राण्याचा केएम भागिले माणसाचा केएम. तेव्हा ५० × १२ ÷ ३७ = १६.२ मिग्रॅ/किलो. तुम्ही ३७ ने गुणून १२ ने भागलेत. पाठ करायचेच असेल तर भाजक पाठ करा : माकड ३.१, कुत्रा १.८, उंदीर ६.२ (मोठा, रॅट), छोटा उंदीर १२.३. प्राणी जितका लहान तितका भाजक मोठा. माणसाचा मिग्रॅ/किलो डोस नेहमी प्राण्यापेक्षा कमीच यायला हवा. जास्त आला की तिथेच थांबायचे.

मग सुरक्षेसाठी १० ने भागायचे : १.६ मिग्रॅ/किलो. प्रत्यक्ष चाचणीत त्याहूनही खाली येऊन ०.१ घेतला होता. कागदावर बघितले तर माकडाच्या समतुल्य डोसच्या १६० पट खाली. म्हणजे एफडीएच्या (अमेरिकी औषध नियामकाच्या) २००५ च्या मार्गदर्शिकेच्या हिशेबाने ते फार सावध होते. ही गोष्ट रिपोर्टमध्ये जरूर लिहा, कारण बहुतेक जण ‘डोस फार जास्त लावला’ एवढेच लिहून मोकळे होतात आणि तो कुठल्या नियमाने जास्त होता हे सांगत नाहीत.

आता एक खोच, जी परीक्षकाला आवडेल. त्याच मार्गदर्शिकेत अपवाद दिला आहे : शिरेतून दिल्या जाणाऱ्या, एक लाख डाल्टनपेक्षा जड प्रथिनांसाठी पृष्ठफळाचा हिशेब करायचा नाही, मिग्रॅ/किलो जसेच्या तसे घ्यायचे. केएमचा पाया म्हणजे शरीराच्या पृष्ठफळाच्या प्रमाणात चालणारी चयापचयाची गती. अँटिबॉडी यकृतातल्या एन्झाइमांनी मोडत नाही, ती रक्तवाहिन्यांत राहते आणि ती ज्यात पसरते ते आकारमान वजनाच्या प्रमाणात वाढते. मग टीजीएन१४१२ १५० किलोडाल्टनची असल्याने नियमाला धरून समतुल्य डोस ५० मिग्रॅ/किलो आणि दहाने भागून ५ मिग्रॅ/किलो. म्हणजे शास्त्रीयदृष्ट्या अधिक ‘बरोबर’ स्केलिंग केले असते तर आकडा आणखी धोकादायक निघाला असता. पृष्ठफळ की वजन, हा या केसमध्ये मुद्दाच नाही. दोन्ही पद्धती माकडाच्या शून्य परिणामावर उभ्या आहेत, आणि तो शून्यच फसवा होता. पण ते दुसरे कोणी सांगेल.

---

पीपीएम_आजोबा (प्रतिसाद २)

(ख) चे निदान एका ओळीत : रेणुभार १५० ग्रॅम/मोल घेतलात. किलोडाल्टनमधला किलो गिळलात. हजारपट फरक तिथूनच.

पूर्ण गणित मांडून ठेवतो, वहीत उतरवून घ्या.

०.१ मिग्रॅ/किलो × ७० किलो = ७ मिग्रॅ. ७ मिग्रॅ ÷ २.५ लिटर = २.८ मिग्रॅ/लिटर. ०.००२८ ग्रॅम/लिटर ÷ १,५०,००० ग्रॅम/मोल = १.८७ × १०⁻⁸ मोलर = १८.७ नॅनोमोलर. ऑक्युपन्सी = १८.७ ÷ (१८.७ + १.८८) = ०.९०९. म्हणजे पहिल्याच डोसला सुमारे ९१ टक्के रिसेप्टर व्यापलेले. चौकशीसाठी ब्रिटिश सरकारने गॉर्डन डफ यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञगट नेमला होता, त्यांचाही अंदाज ९० टक्क्यांच्या आसपासच होता.

आता उलट दिशेने. १० टक्के ऑक्युपन्सीसाठी कॉन्सन्ट्रेशन = केडी ÷ ९ = ०.२०९ नॅनोमोलर. गुणिले १,५०,००० = ३१.३ मायक्रोग्रॅम/लिटर. गुणिले २.५ लिटर = ७८ मायक्रोग्रॅम. भागिले ७० = १.१ मायक्रोग्रॅम/किलो. म्हणजे ०.००११ मिग्रॅ/किलो. दिलेल्या डोसच्या सुमारे ९० पट कमी. तुमचे ०.००११ हे आकडे बरोबर आले होते, फक्त समोरचे युनिट घसरले होते. अशी चूक सर्वात वाईट, कारण आकडा ओळखीचा दिसतो आणि डोळा पुढे सरकतो.

केडी ÷ ९ का? ऑक्युपन्सी ०.१ ठेवून समीकरण सोडवा, कॉन्सन्ट्रेशन = केडी × ०.१ ÷ ०.९. काही जण केडी ÷ १० घेतात, ते ९.१ टक्के होते. फरक किरकोळ, पण गृहीतक लिहिले नाही तर मार्क जातात.

एक गोष्ट मात्र सूत्रात दडलेली आहे. वरची ऑक्युपन्सी *मुक्त* औषधाच्या कॉन्सन्ट्रेशनवर आहे, एकूणवर नाही. औषध भरपूर आणि रिसेप्टर थोडे असतील तर दोन्ही सारखेच. १८.७ नॅनोमोलरला चालून जाते. पण मेबलच्या पातळीला औषधच थोडे असते, त्यातला भाग रिसेप्टर गिळतो. हिशेब करून बघा : रक्तात टी पेशी लिटरला १ × १०⁹ धरल्या, रक्त ५ लिटर, एका पेशीवर सीडी२८ दीड लाख. एकूण ७.५ × १०¹⁴ रिसेप्टर, म्हणजे १.२५ नॅनोमोल, २.५ लिटरमध्ये ०.५ नॅनोमोलर. त्याचे १० टक्के म्हणजे ०.०५ नॅनोमोलर बांधलेले, अधिक मुक्त ०.२०९, एकूण ०.२५९. डोस १.४ मायक्रोग्रॅम/किलो. १.१ वरून १.४. फार नाही. कारण ०.५ हे केडीपेक्षा लहान आहे. एखाद्या औषधाचा रिसेप्टर केडीच्या दहापट असता तर हे सूत्र सपशेल तोंडावर पडले असते.

पण रक्तात शरीराच्या एकूण लिंफोसाइटपैकी साधारण २ टक्केच असतात. बाकी प्लीहा, लसिका गाठी, आतडे. सगळे रिसेप्टर एकाच वेळी हाताशी आहेत असे टोकाचे धरले तर ०.५ चे २५ नॅनोमोलर होतात, औषधापेक्षा जास्त. मग वर्गसमीकरण वापरावे लागते : बेरीज १८.७ + २५ + १.८८ = ४५.५८; बांधलेले = [४५.५८ − √(४५.५८² − ४ × १८.७ × २५)] ÷ २ = १५.६ नॅनोमोलर. ऑक्युपन्सी ६२ टक्के. ०.१ मिग्रॅ/किलोला सर्वात सोयीस्कर गृहीत धरले तरी ६२. दोन टोके ९१ आणि ६२ अशी रिपोर्टमध्ये द्या. एकच आकडा देण्यापेक्षा हे भारी दिसते आणि खरेही आहे.

(अँटिबॉडीला दोन हात असतात, तेव्हा बंधनस्थळे दुप्पट, हा फाटा मी मुद्दाम सोडला आहे. दोन हातांनी एकाच पेशीवर धरले की केडी हा शब्दच धूसर होतो. गृहीतकांत एक ओळ लिहा आणि पुढे चला.)

---

अर्धायुष्य (प्रतिसाद ३)

(ग) साठी. उणे कॉन्सन्ट्रेशनचे कारण तुम्हीच प्रश्नात लिहिले आहे : मोलर, आणि डिफॉल्ट.

डीसॉल्व्हमध्ये ॲब्सोल्यूट टॉलरन्स, एटॉल, डिफॉल्टने १०⁻⁶ असतो. तुमचे सगळ्यात मोठे कॉन्सन्ट्रेशन १.८७ × १०⁻⁸ मोलर. म्हणजे सॉल्व्हरला तुम्ही सांगताय की एक मायक्रोमोलरपर्यंतची चूक चालेल, आणि तुमचे सगळे औषध त्याच्या पन्नासावा भाग आहे. त्याच्या लेखी सगळेच शून्य. मग तो लांब पाय टाकतो, शून्याच्या खाली जातो, पुन्हा वर येतो. जीवशास्त्राचा यात काही दोष नाही. वजनकाट्यावर किलोचे माप लावून केशर मोजतोय.

उपाय : सगळे नॅनोमोलरमध्ये घ्या. १८.७, ०.५, १.८८ असे माणसाच्या मापाचे आकडे झाले की १०⁻⁶ पुरेसा. मोलरच ठेवायचे असेल तर एटॉल १०⁻¹⁵ वगैरे द्यावा लागेल. चालते, पण कोड वाचणाऱ्याला त्रास. ‘उणे आले तर शून्य कर’ अशी ओळ घालणारे काही असतात. ती कृपया घालू नका. आलेख सुंदर दिसतो आणि वस्तुमान कुठे गेले कळत नाही.

समीकरणे तीन. शब्दांत लिहितो :

मुक्त औषधाचा बदल = − निचरा × औषध − जोडणी × औषध × रिसेप्टर + सुटणे × जोडी
मुक्त रिसेप्टरचा बदल = निर्मिती − ऱ्हास × रिसेप्टर − जोडणी × औषध × रिसेप्टर + सुटणे × जोडी
जोडीचा बदल = जोडणी × औषध × रिसेप्टर − सुटणे × जोडी − आत ओढणे × जोडी

आकडे. जोडणीचा स्थिरांक असाइनमेंटमध्ये नसेल तर अँटिबॉडीसाठी १०⁵ प्रति मोलर प्रति सेकंद हे रास्त गृहीतक. तो नॅनोमोलर आणि दिवसांत आणताना बहुतेकांचा पाय घसरतो : १०⁵ × १०⁻⁹ × ८६,४०० = ८.६४ प्रति नॅनोमोलर प्रति दिवस. सुटण्याचा स्थिरांक वेगळा शोधायचा नाही, केडीने गुणायचे : ८.६४ × १.८८ = १६.२ प्रति दिवस. दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणांहून उचलले तर मॉडेलमधला केडी भलताच निघतो. निचरा ०.०५ प्रति दिवस धरा (अर्धायुष्य १४ दिवस, या कामासाठी पुरे). रिसेप्टर सुरुवातीला ०.५ नॅनोमोलर, ऱ्हास ०.५ प्रति दिवस, म्हणून निर्मिती ०.५ × ०.५ = ०.२५ नॅनोमोलर प्रति दिवस. ती आपण निवडायची नसते. सुरुवातीची पातळी गुणिले ऱ्हास अशीच येते. तुमची रिसेप्टरची रेघ नाचण्याचे निम्मे कारण टॉलरन्स, उरलेले बहुधा हे.

डोस : ५ मिनिटांचे इन्फ्युजन १४ दिवसांच्या मॉडेलमध्ये बोलस (एकदम दिलेला डोस) म्हणून सुरुवातीच्या स्थितीतच १८.७ लिहिले तरी चालते. ‘वेळ अमुकपेक्षा कमी असेल तर ओत’ अशी अट समीकरणात लिहून डोस मध्येच कुठल्या दिवशी देऊ नका. ५ मिनिटे म्हणजे ०.००३५ दिवस. सॉल्व्हर ०.१ दिवसाच्या ढांगा टाकत असेल तर तो डोसावरून उडी मारून पुढे जाईल आणि तुम्हाला कोरा करकरीत सपाट आलेख देईल, एरर न देता. इव्हेंट्स (ठरल्या वेळी डोस घालायची सॉल्व्हरची सोय) वापरा, नाहीतर एचमॅक्स (सॉल्व्हरची सर्वात मोठी ढांग) ०.००१ करा.

आलेख काढायच्या आधी दोन चाचण्या. एक, डोस शून्य ठेवून ३० दिवस चालवा. रिसेप्टर ०.५ वर सरळ रेघ राहिली पाहिजे, केसभरही हलता कामा नये. दोन, आत ओढण्याचा वेग ऱ्हासाएवढाच, ०.५ ठेवा आणि डोस द्या. आता मुक्त रिसेप्टर अधिक जोडी, बेरीज कायम ०.५ राहिली पाहिजे. राहिली नाही तर एखाद्या ओळीत चिन्ह उलटे आहे, बहुतेक वेळा ‘सुटणे × जोडी’च्या आधीचे.

---

थायमसची_पाठशाळा (प्रतिसाद ४)

वर एकाने ‘शून्यच फसवा होता’ म्हणून सोडून दिले आहे, तिथून पुढे.

माकड का निवडले? सीडी२८ चा पेशीबाहेरचा भाग माणसात आणि सायनोमोल्गसमध्ये अमिनो आम्लांच्या क्रमाने सारखाच, आणि अँटिबॉडी दोन्हींना सारखीच चिकटते, म्हणून. कागदावर निवड निर्दोष. चूक अशी की रिसेप्टर सारखा असणे आणि तो *त्याच पेशीवर* असणे या दोन वेगळ्या गोष्टी. माणसात सीडी४ इफेक्टर मेमरी टी पेशींवर सीडी२८ असतो. सायनोमोल्गसमध्ये याच पेशी परिपक्व होताना सीडी२८ गमावतात. ज्या पेशीने सायटोकाइनचा पूर सोडला, तिच्यावर माकडात कडीच नव्हती, मग किल्ली ५० मिग्रॅ/किलोने फिरवा नाहीतर ५०० ने. म्हणून माकडातला शून्य ‘सुरक्षित’ नव्हता, ‘लागू नाही’ असा होता. रिपोर्टमध्ये हा फरक एका वाक्यात नीट आला पाहिजे.

प्रयोगशाळेतले उंदीर, रॅट दोन्ही, वेगळ्या कारणाने फसवतात. त्यांच्यात त्याच धाटणीच्या अँटिबॉडीने नियामक टी पेशी वाढल्या, दाह कमी झाला. संधिवातासाठी औषध करू या ही कल्पना त्यातूनच आली. पण स्वच्छ पिंजऱ्यातल्या प्राण्याने आयुष्यात जंतू फारसे पाहिलेले नसतात, मेमरी पेशी मोजक्याच. तिशीतल्या माणसाकडे त्यांचा साठा असतो.

मग पेशींवरच्या चाचणीत का दिसले नाही? रक्तातल्या मोनोन्यूक्लिअर पेशींत अँटिबॉडी नुसती विरघळवून टाकली की काहीच घडत नाही. नंतर ब्रिटनच्या जैविक मानक संस्थेत, एनआयबीएससीत, तीच अँटिबॉडी प्लेटच्या तळाला वाळवून चिकटवली आणि त्यावर पेशी टाकल्या, तेव्हा पेशी झपाट्याने वाढल्या आणि सायटोकाइन सुटले. एंडोथेलियल पेशींच्या थरावर पेशी ठेवूनही प्रतिसाद मिळतो. तिसरा मार्ग जर्मन गटाचा : मोनोन्यूक्लिअर पेशी दोन दिवस दाट, मिलिलिटरला १ × १०⁷, वाढवून मग विरघळलेली अँटिबॉडी द्यायची. रक्तात फिरणाऱ्या टी पेशी एकट्या असतात, गाठीत त्या खेटून बसलेल्या असतात. दाटीमुळे ती तयारी परत येते. आणि प्लेटला चिकटवण्याचे तंत्र माकडाच्या पेशींवर केले तर? प्लेटला चिकटवलेल्या टीजीएन१४१२ लाही माकडाच्या पेशी गप्प राहिल्या. एवढा एक प्रयोग आधी असता तर माकड बाद झाले असते.

असाइनमेंटमध्ये ‘कोणती चाचणी सुचवाल’ असा उपप्रश्न असेल तर निव्वळ ‘सायटोकाइन रिलीज चाचणी’ एवढेच लिहू नका. विरघळलेली की चिकटवलेली, किती दाते (एक-दोन दात्यांवर काही ठरत नाही, माणसामाणसात फार फरक असतो), धन नियंत्रण कोणते, ऋण नियंत्रणाला त्याच वर्गाची, म्हणजे इथे आयजीजी४, अँटिबॉडी घेतली का. आणि टीएनएफबरोबर आयएल-२ मोजा (दोन्ही सायटोकाइन). सीडी२८ च्या सुपरॲगोनिस्टची (रिसेप्टरला एकट्याने जोरात उत्तेजित करणाऱ्याची) ओळख आयएल-२ मध्ये ठळक दिसते. टीएनएफ इतर अँटिबॉडीही थोडाफार देतात.

---

प्रयोगवही

सर्वांचे आभार. (क) १६.२ आणि १.६, (ख) १.१ मायक्रोग्रॅम/किलो आले. मॉडेल नॅनोमोलरमध्ये घेतल्यावर उणे आकडे येणे थांबले, दोन्ही चाचण्या पास.

दोन शंका उरल्या. एक, मॉडेलमध्ये ऑक्युपन्सी अर्ध्या तासात कमाल गाठते आणि मग कित्येक दिवस पठार. हे चालवून नवीन काय कळले? एका सूत्रात ९१ टक्के मिळालेच होते. दोन, संवेदनशीलता विश्लेषणात केडी दुप्पट-निमपट केला तर ऑक्युपन्सी जेमतेम हलते. म्हणजे केडी महत्त्वाचा नाही असे लिहू का?

---

अर्धायुष्य

दुसरीचे आधी. असे लिहू नका. १८.७ नॅनोमोलरला केडी निम्मा केला तर ९५ टक्के, दुप्पट केला तर ८३. तुम्ही वक्राच्या सपाट माथ्यावर उभे राहून उतार मोजताय. पण मेबलचा डोस केडी ÷ ९ वरून येतो, म्हणजे केडी दुप्पट तर डोस दुप्पट, सरळ प्रमाण. ऑक्युपन्सीची संवेदनशीलता ०.१ मिग्रॅ/किलोला आणि ०.००१ मिग्रॅ/किलोला, दोन्हीकडे काढा आणि शेजारी ठेवा. एकाच डोसची संवेदनशीलता देऊन निष्कर्ष काढणे ही या पेपरात नेहमीची चूक.

पहिली शंका चांगली आहे. उत्तर त्या अर्ध्या तासातच आहे, तुम्ही १४ दिवसांचा अक्ष लावल्यामुळे ते डाव्या कडेला चिरडले गेले. अक्ष दोन तासांचा करा, मिनिटांत.

बांधणीचा वेग = ८.६४ × १८.७ + १६.२ = सुमारे १७८ प्रति दिवस. निम्मी बांधणी व्हायला ०.६९३ ÷ १७८ दिवस, म्हणजे साडेपाच मिनिटे. दहाव्या मिनिटाला अंतिम पातळीच्या ७० टक्के, अर्ध्या तासात जवळपास सगळे. आता या आलेखावर चाचणीचे वेळापत्रक टाका : आठ जण (सहा औषध, दोन प्लासिबो), दर १० मिनिटांनी एक. शेवटचा ७०व्या मिनिटाला. लक्षणे, म्हणजे डोकेदुखी, अंगदुखी, मळमळ, ताप, पहिल्या डोसनंतर साधारण तास-दीड तासात सुरू झाली. बांधणी मिनिटांत, परिणाम तासात, अंतर दहा मिनिटे. पहिल्या माणसाच्या शरीराने काही बोलायच्या आत जवळजवळ सगळ्यांना डोस मिळालेला. स्थिर सूत्र हे दाखवू शकत नाही, कारण त्यात घड्याळच नाही. मॉडेल यासाठी चालवायचे.

पुढे जायचे असेल तर चौथे समीकरण : जोडीच्या प्रमाणात सायटोकाइनची निर्मिती, मध्ये ३०-४० मिनिटांचा विलंब द्यायला दोन-तीन ट्रान्झिट कप्पे. स्थिरांक बसवू नका, तेवढा डेटा नाही. फक्त विलंब बदलून ‘दोन व्यक्तींमध्ये किती अंतर ठेवले असते तर दुसऱ्याला डोस गेला नसता’ हे दाखवा. एवढे पुरे.

---

पीपीएम_आजोबा

‘कोणते उत्तर खरे लिहू’ हा मूळ प्रश्न अजून कोणी घेतलेला नाही.

तिन्ही लिहायची, आणि सर्वात लहान निवडायचा. युरोपीय औषध संस्थेची २००७ ची मार्गदर्शिका (२०१७ मध्ये सुधारली) याच प्रकरणानंतर आली. जिथे औषधाची क्रियापद्धत जोखमीची, तिथे मेबल काढा आणि प्राण्यांवरून आलेल्या डोसशी ताडून कमी असेल तो घ्या, असा तिचा रोख. तुमच्याकडे ५, १.६ आणि ०.००११ मिग्रॅ/किलो. निवड उघड आहे.

पण मेबल म्हणजे १० टक्के ऑक्युपन्सी नव्हे, हे ठळक लिहा. ऑक्युपन्सी हा मेबल काढायचा *एक* मार्ग. रिसेप्टर अडवणाऱ्या औषधाला १० टक्क्यांनी फारसे काही होत नाही. उत्तेजित करणाऱ्याला मात्र थोड्या रिसेप्टरांवरही पूर्ण परिणाम मिळू शकतो. तिथे मानवी पेशींवरच्या सर्वात संवेदनशील चाचणीतला ईसी१० (कमाल परिणामाच्या १० टक्के परिणाम देणारे कॉन्सन्ट्रेशन) वगैरे घेऊन त्यावरून डोस काढायचा आणि ऑक्युपन्सीशी पडताळायचा.

याची उलट बाजूही बघा, मजा आहे. तीच अँटिबॉडी पुढे टॅब०८ या नावाने रशियात पुन्हा माणसांना दिली गेली. सुरुवात ०.१ मायक्रोग्रॅम/किलो, २००६ च्या हजारावा भाग. वरपर्यंत ७ मायक्रोग्रॅम/किलो. वरच्याच सूत्रात टाका : सुरुवातीला ०.०१९ नॅनोमोलर, ऑक्युपन्सी १ टक्का. शेवटी १.३ नॅनोमोलर, ४१ टक्के. आणि दाहक सायटोकाइनचा पूर आला नाही. उलट आयएल-१०, म्हणजे नियामक पेशींची खूण, दिसली. साध्या सूत्राने ४१ टक्के, तरी शांत. ९१ ला आग. उतार मधेच कुठेतरी फार उभा आहे, आणि कोणत्या पेशी कोणत्या पातळीला जाग्या होतात हे ऑक्युपन्सीच्या एका आकड्यात मावत नाही. तक्त्यात हे दोन डोस घाला, चार ओळींचा तक्ता होईल.

---

मिग्रॅ_पर_किलो

तक्ता करणारच असाल तर एक भर. प्रत्येक डोस मिग्रॅ/किलोमध्ये *आणि* एकूण मायक्रोग्रॅममध्ये *आणि* नॅनोमोलरमध्ये, तीन रकाने. ०.१ मिग्रॅ/किलो आणि ०.१ मायक्रोग्रॅम/किलो हे दोन्ही डोस या एकाच केसमध्ये आहेत आणि दोन्हींत ०.१ आहे. युनिटचा रकाना वेगळा ठेवलात तर कॉपी-पेस्ट करताना तो मागे राहतो. आकड्याला चिकटवूनच लिहा.

आणि (क) मध्ये १६.२ लिहिताना शेजारी ‘वजनावर स्केल केल्यास ५०’ हेही लिहा. तो अपवाद माहीत आहे हे दिसू दे.

---

प्रयोगवही

दोन तासांचा अक्ष लावून आलेख पुन्हा काढला. दहाव्या मिनिटाला ऑक्युपन्सी ६४ टक्के. वर डोसाच्या आठ उभ्या रेघा टाकल्या. तक्ता आज रात्री.